पाळीची वही

वही शाळेचीच, दोनशे पानी,
इयत्ता आणि तुकडी लिहायची जागा रिकामी.
आत हाजरा होडेकरच्या अक्षरात वार आणि नावं:
सोमवारी पोस्टमन तारी आणि त्याची भावजय,
मंगळवारी मी आणि हाजरा,
बुधवारी ज्याची बोट किनाऱ्याला असेल तो.
रात्री नऊ ते बारा, बर्फाच्या कारखान्यामागे,
जिथल्या खांबाला दोन वर्षं दिवा नव्हता
आणि जिथे पोरं बसायची.

आधी सभा झाली होती, देवळाच्या मांडवात.
साहेब आले, फलक लागला, शपथ झाली.
सगळ्यांत मोठ्या आवाजात शपथ मी घेतली
आणि घरी जाऊन उरलेली अर्धी बाटली संपवली.
हे वहीत नाही.

वहीत हेही नाही, की निशांक कोयंडेला
पहिला घोट मी दिला.
पंधरा वर्षांचा, पहिल्याच खेपेला पापलेट लागलेलं,
पहाटेचा मतलई वारा, दात वाजत होते त्याचे.
म्हटलं, घे, दर्यात असंच असतं.
मला माझ्या तांडेलानं दिला होता, त्याला त्याच्या.
वल्हं हातातून हातात येतं, तसं आलं ते आमच्यात.
कुणी विचारलं नाही, नेतंय कुठे.

पुढे त्याला घोट पुरेना.
सातार्ड्याच्या पलीकडून माल यायचा, स्कूटरच्या डिकीत.
मग त्या बारक्या पुड्या,
रात्रभर जाळं ओढायला, जागं राहायला.
मालक म्हणायचे, पोरगा चपळ आहे. मीही म्हणायचो.
एकोणिसाव्या वर्षी सापडला, भांगाच्या ओहोटीला,
दोन बोटींच्या मधल्या हातभर पाण्यात.
त्याच्या आईनं मला एक शब्द ऐकवला नाही.
रविवारची पाळी तिची असते. एकटीची.

नियम हाजराचा: उपदेश करायचा नाही.
"माझ्याच घरात चार पोरगे," म्हणाली,
"होता नव्हता तो सगळा वापरून झालाय."
हात मात्र चालू ठेवायचे.
म्हणून मी फाटलं जाळं नेतो, ती थर्मास आणि लसणाची टोपली.
वायरमन मेस्त्रीनं दिवा लावला, पोरांनी दोनदा फोडला.
तिसऱ्यांदा त्यानं शिडी त्यांनाच धरायला लावली.
मग पोरं उठून सुरूच्या बनात गेली.
हाजरानं खुर्ची उचलली,
"चला तांडेल," म्हणाली, "तिथे वारा बरा असेल."

मेतरांचा गौरांग एकदा सरळ समोर येऊन उभा राहिला.
"तांडेलानू, आज घेवन इलात काय?"
पोरं हसायला टपलेली.
मी म्हटलं, "नाय रे. अकरावो दिस."
हसलं कुणीच नाही.
तो खाली बसला. जाळ्याचं दुसरं टोक मी त्याच्याकडे फेकलं.

जाळ्याच्या भोकाला आम्ही आस म्हणतो.
मोठा ठेवला तर बांगडा निसटतो,
बारीक ठेवला तर पिल्लंही अडकून मरतात.
किती बोटांचा ठेवायचा, हे मला जाळ्यापुरतं कळतं.
पोरांच्या बाबतीत
मी अजून बोटं मोजतोय.

काल मंगळवार. पोरं आली सहा.
दोघांनी चहा घेतला, एकानं शिव्या घातल्या,
एक ओकला, त्याला तारीच्या रिक्षातून घरी पोचवलं.
गौरांग आला नाही.
कुणी म्हणालं वेंगुर्ल्याच्या बोटीवर गेला,
कुणी काहीच म्हणालं नाही, नुसतं वाळूकडे पाहिलं.
त्याची बाजू अर्धी विणून राहिलीय.
सुई दोऱ्यासकट खांबाच्या खिळ्याला अडकवून ठेवली.

हाजरानं वही पुढे केली, सही करायला.
मी सही केली,
आणि समासात, पेन्सिलीनं, बारीक: तेवीस.
तिनं पाहिलं, वही मिटली,
आणि थर्मास विसळायला नळाकडे गेली.